टाके निघाल्यानंतरचं वर्ष : जखमेचा वण कसा बनतो आणि त्याचं काय करायचं

"सिस्टर, डाग राहील का?"

परळच्या एका रुग्णालयाच्या ड्रेसिंग रूममध्ये मी बरीच वर्षं काढली आणि हा प्रश्न रोज ऐकला. गुडघा फोडून आलेल्या पोराची आई विचारायची. हातावर कढईतलं तेल उडालेला वडापावच्या गाडीवरचा मुलगा विचारायचा. सिझेरियन झालेली बाई टाके काढताना मान वळवून हळूच विचारायची. बाहेर रांग लागलेली असे, त्यामुळे मी "बघू, भरून तर येऊ दे" एवढंच म्हणत असे. त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते इथे देते.

वण किती राहणार हे तीन गोष्टींवर ठरतं: कातडीत किती खोल लागलं, शरीराच्या कुठल्या भागावर लागलं, आणि पुढचं वर्षभर तुम्ही त्या जागेची कशी काळजी घेतली. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नसतात. तिसरी असते, आणि नेमकी तीच लोक सोडून देतात. टाके निघाले की जखम संपली असं त्यांना वाटतं. खरं तर वण तिथून घडायला लागतो.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या

कातडीचे दोन मुख्य थर असतात. वरचा पातळ पापुद्रा आणि त्याखालचा जाड, चिवट थर. नुसता पापुद्रा खरचटला तर तो पुन्हा उगवतो आणि खूण राहत नाही. खालचा थर फाटला किंवा भाजला तर मात्र शरीर पहिल्यासारखी कातडी विणत बसत नाही, घाईने ठिगळ लावतं. हे ठिगळ कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं असतं. चांगल्या कातडीत हे धागे चटईसारखे उलटसुलट विणलेले असतात, तर वणात ते एकाच दिशेने दाटीने पडलेले असतात. त्या ठिगळात केसांची मुळं नसतात, घामाच्या ग्रंथीही नसतात. मोठं भाजलेल्या माणसाला मे महिन्यात अंगाची आग का होते, ते यावरून कळतं. वणाच्या जागेतून घामच येत नाही.

काम टप्प्याटप्प्याने चालतं. काही मिनिटांत रक्त गोठतं. पुढचे काही दिवस सूज आणि लाली असते, कारण पांढऱ्या पेशी आतली घाण साफ करत असतात. मग दोन-तीन आठवडे नवं मांस भरतं. त्यानंतर सगळ्यात लांबचा टप्पा सुरू होतो: घाईत टाकलेले धागे काढून पक्के धागे बसवण्याचा. हा वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतो. पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेला मूळ कातडीच्या जेमतेम ३ टक्के ताकद असते, तीन आठवड्यांनी २० ते ३० टक्के, आणि तीन महिन्यांनी साधारण ८० टक्के. त्यापुढे ती जात नाही. म्हणून टाके निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याची कळशी उचलली तर वण रुंदावतो.

हे धागे काढण्या-घालण्याचं काम जुन्या वणातही पूर्ण थांबत नाही. पूर्वी लांबच्या सफरीवरच्या खलाशांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही व्हायचा, तेव्हा त्यांच्या कित्येक वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. नवं कोलॅजन बनायला ते जीवनसत्त्व लागतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वणाबद्दल वेगळाच आदर वाटला. तो वरून मेल्यासारखा दिसतो, पण जिवंत असतो.

पायरी १ : पहिला तास

विळीवर बोट कापलं तर आधी स्वच्छ कापड दाबून हात वर धरा. दहा मिनिटं दाबून ठेवा, मध्येच उचलून बघू नका. रक्त थांबलं की नळाच्या पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा. जंतुनाशक द्रव थेट उघड्या जखमेत ओतू नका, त्याने नव्या पेशीही मरतात. कडा एकमेकींपासून फाकलेल्या दिसत असतील, आत पिवळी चरबी दिसत असेल, किंवा जखम चेहऱ्यावर असेल तर त्याच दिवशी टाके घालून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

भाजलं असेल तर वीस मिनिटं वाहतं पाणी. वीस म्हणजे घड्याळ लावून वीस. पाणी जायची वेळ झाली असेल तर पिंपातलं पाणी तांब्याने ओतत राहा. बर्फ नको. सूज यायच्या आत बांगड्या आणि अंगठ्या काढा. टूथपेस्ट, शाई, कॉफी, तूप यांतलं काहीही लावू नका. हळदीबद्दल मला नेहमी वाद घालावा लागतो. हळद मलाही प्रिय आहे, पण मसाल्याच्या डब्यातली, रोज चमचा फिरणारी हळद निर्जंतुक नसते, आणि ती लावली की खाली किती खोल भाजलंय ते डॉक्टरांना दिसत नाही. मग ती घासून काढावी लागते, आणि त्या वेदना मी पाहिल्या आहेत.

पावसाळ्यात खड्ड्यात बाइक घसरून रस्त्यावर घासलं जाणं हा मुंबईतला नेहमीचा प्रकार. त्यात खडी आणि डांबराचे कण कातडीत रुततात. ते पहिल्या दिवशी नीट घासून निघाले नाहीत तर कातडी त्यांच्यावरून बंद होते आणि गोंदल्यासारखा निळाकाळा डाग कायमचा राहतो. दुखेल म्हणून टाळू नका. भूल देऊन स्वच्छ करता येतं.

पायरी २ : जखम बंद होईपर्यंत

आपल्याकडे "जखमेला वारा लागू द्या, सुकू द्या" असं सांगायची पद्धत आहे. ती चुकीची आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की ओलसर, झाकलेली जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने नवा पापुद्रा धरते. खपली म्हणजे वाटेतला दगड. नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढत सरकावं लागतं. म्हणून साध्या, स्वच्छ जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, वर जाळीची पट्टी ठेवावी आणि रोज बदलावी. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. लोकलच्या गर्दीत घामाने किंवा पावसाने पट्टी भिजली तर घरी येईपर्यंत तशीच ठेवू नका, पिशवीत एक कोरडी पट्टी असू द्या. आणि धरलेली खपली नखाने काढू नका. खाली गुलाबी दिसतं, बरं वाटतं, पण तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

टाके वेळेवर काढा. चेहऱ्यावरचे साधारण पाच ते सात दिवसांत, डोक्यावरचे सात ते दहा, हातापायांवरचे दहा ते चौदा. चेहऱ्यावरचे जास्त दिवस राहिले तर रेल्वेच्या रुळांसारख्या आडव्या खुणा उमटतात.

खाण्याबद्दल घरोघरी ऐकू येतं की भात आणि आंबट खाल्लं की जखमेत पू होतो. तसं होत नाही. पू जंतूंमुळे होतो. डाळ, अंडी, मासे, पेरू, आवळा, लिंबू सगळं खा. बंद करायचं असेल तर तंबाखू, विडी आणि मिश्री बंद करा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्तच पुरत नाही. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा.

एक आकडा मात्र लक्षात ठेवा. भाजलेली जागा दोन आठवड्यांत भरली तर जाड वण बहुधा येत नाही. तीन आठवडे उलटूनही ती उघडीच असेल तर जाड वणाची शक्यता खूप वाढते. अशा वेळी घरी मलम लावत बसू नका, प्लास्टिक सर्जनला दाखवा.

पायरी ३ : आपला वण कुठल्या जातीचा ते ओळखा

पैसे खर्च करायच्या आधी ही पायरी हवीच, कारण एकाचं औषध दुसऱ्याला लावून लोक वर्ष घालवतात.

जागा सपाट आहे, बोट फिरवलं तर बाजूच्या कातडीसारखीच लागते, फक्त काळपट किंवा तपकिरी दिसते? मग तो वण नाही, नुसता डाग आहे. आपल्या सावळ्या कातडीत पुटकुळी, डास, ओरखडा, कशानेही रंगद्रव्य सांडतं आणि महिनोन्‌महिने दिसतं. तो उन्हापासून जपला तर आपोआप फिकट होतो. त्यावर लिंबू चोळून उन्हात गेलात तर आणखी काळा होईल.

जागा उंच, घट्ट, लालसर आहे, खाजते, पण मूळ जखमेच्या हद्दीतच आहे? हा जाड वण, डॉक्टर त्याला हायपरट्रॉफिक म्हणतात. जखमेनंतर महिना-दोन महिन्यांत उठतो आणि बऱ्याचदा हळूहळू बसतोही.

उंच तर आहेच, पण जखमेची हद्द ओलांडून खेकड्याच्या नांग्यांसारखा आजूबाजूच्या चांगल्या कातडीत पसरतोय? हा केलॉइड. तो कधी कधी काही महिन्यांनी उगवतो आणि सहसा आपणहून जात नाही. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदे आणि जबडा या त्याच्या आवडत्या जागा. डाव्या दंडावर बीसीजीच्या लसीची खूण जिथे असते तिथेही येतो.

जागा खोलगट असेल तर ती मुरमांची किंवा कांजिण्यांची. आत कोलॅजन कमी पडलेलं असतं.

आणि एक महत्त्वाचं. लागल्याचं काही आठवत नाही, फिकट चट्टा आहे आणि त्यावर टोचलेलं कळत नाही, असं असेल तर तो वण समजून क्रीम लावू नका. ती कुष्ठरोगाची खूण असू शकते. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत त्याची औषधं मोफत मिळतात आणि माणूस पूर्ण बरा होतो. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय याच कामासाठी आहे.

पायरी ४ : बंद झालेल्या जखमेचं वर्ष

जखम पूर्ण बंद झाली, कुठे पाणी येत नाही, खपली उरली नाही, की सिलिकॉन सुरू करा. वणासाठी घरी करता येण्यासारख्या उपायांत सगळ्यात भरवशाचा हाच. तो जेलच्या रूपात मिळतो आणि मऊ चिकट पट्टीच्या रूपातही. दिवसात किमान बारा तास, असं दोन-तीन महिने तरी लागतं. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारेच जास्त.

मुंबईत पट्टीचा त्रास होतो, हे मी मान्य करते. सकाळी लावलेली पट्टी दादर येईपर्यंत घामाने कडेला सुटते, खाली पुरळ उठतं. मी लोकांना दिवसा जेल आणि रात्री पंख्याखाली झोपताना पट्टी असं सांगते. पट्टी रोज साबणाने धुवायची, बोटाने तिचा बुळबुळीतपणा काढायचा, पाणी झटकून हवेवर वाळवायची. टॉवेलने पुसली तर धागे चिकटतात आणि ती दोन दिवसांत निकामी होते. नीट ठेवली तर एकच पट्टी बरेच दिवस पुरते. तेवढाही खर्च झेपत नसेल तर वणाच्या लांबीवर कागदी चिकटपट्टी लावा. तिने कडांवरचा ताण कमी होतो, विशेषतः सिझेरियनच्या वणावर.

टाके निघून दोन-तीन आठवडे झाले की मालिश. खोबरेल तेलाचा एक थेंब घ्या, अंगठा वणावर ठेवा आणि रंग क्षणभर फिका पडेल इतकं दाबून गोल फिरवा. नुसतं वरून घासू नका, खालच्या मांसावरून वण सरकला पाहिजे. दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटं. इ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून लावायची फॅशन आहे. तिचा फायदा सिद्ध झालेला नाही, उलट काहींना खाज सुटून लाल पुरळ येतं.

ऊन टाळा. नवा वण उन्हात काळा पडतो आणि तो रंग मग हटता हटत नाही. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा, घामाने गेलं की पुन्हा. ढगाळ जुलैमध्येही लावा, ढगांतून किरणं येतातच. हातावरच्या वणाला सुती बाही सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची.

दर महिन्याच्या एक तारखेला वणाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून, एकाच खिडकीच्या उजेडात फोटो काढा. रोज आरशात बघणाऱ्याला बदल दिसत नाही. फोटोंत दिसतो.

पायरी ५ : केलॉइडची घाई करू नका

हे माझ्याच घरात घडलं म्हणून जरा जास्त लिहिते. माझ्या भाचीने कॉलेजात असताना कानाच्या वरच्या कडेला दुसरं भोक पाडलं. चार महिन्यांत मागच्या बाजूला चिंचोक्याएवढी गाठ आली. मला न सांगता ती एका क्लिनिकमध्ये गेली. "दहा मिनिटांचं काम" म्हणून त्यांनी गाठ कापून टाकली, पुढे काही करायचं सांगितलं नाही. सहा महिन्यांत तिथे सुपारीएवढी गाठ उभी राहिली. ती केस मोकळे सोडून कान झाकायला लागली तेव्हा मला कळलं.

केलॉइड नुसता कापला तर तो निम्म्याहून जास्त वेळा परत येतो, आणि अनेकदा आधीपेक्षा मोठा. कापणं म्हणजे त्याच जागी नवी जखम. म्हणून पहिला उपाय इंजेक्शनचा. ट्रायॅमसिनोलोन हे स्टेरॉइड गाठीतच भरतात, दर चार ते सहा आठवड्यांनी, अनेक वेळा. गाठ टणक असल्यामुळे सुई दुखते. आधी खाज आणि ठणका थांबतो, मग गाठ मऊ पडते, मग बसते. सोबत बर्फासारख्या थंडीने गोठवणं किंवा ५-फ्लुओरोयुरॅसिल हे दुसरं औषधही वापरतात. स्टेरॉइडने आजूबाजूची कातडी पातळ किंवा फिकट होऊ शकते, बायकांची पाळी पुढेमागे होऊ शकते, हे आधी विचारून घ्या. कापायचंच ठरलं तर त्यामागोमाग इंजेक्शनं, कानाला दाब देणारी चाप किंवा लगेच दिलेलं रेडिएशन यांची योजना आधीच ठरलेली हवी. भाचीच्या कानाला त्वचारोग विभागात सात इंजेक्शनं झाली. आता हाताला लागतो, डोळ्यांना दिसत नाही.

ज्यांच्या घरात केलॉइड आहे त्यांनी हौसेखातर टोचणं आणि गोंदणं टाळावं. मुलीचे कान टोचायचेच असतील तर आपल्या रिवाजाप्रमाणे लहानपणीच टोचलेले बरे. अकराव्या वर्षानंतर टोचलेल्या कानांत केलॉइड जास्त दिसतात. आणि कुठल्याही ऑपरेशनआधी सर्जनला हे सांगा, ते विचारायची वाट पाहू नका.

पायरी ६ : मुरमांचे खड्डे

आधी मुरुमं थांबवा. चालू मुरमांवर खड्ड्यांचे उपचार करणं म्हणजे गळक्या छपराखाली रंग लावणं. लवकर औषध सुरू झालं तर खड्डे कमी पडतात, म्हणून "वयात आल्यावर होतंच" म्हणत पोरांना वर्षानुवर्षं थांबवू नका.

खड्ड्यांचे प्रकार तीन. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल, त्यांत तीव्र आम्लाचा थेंब सोडतात किंवा तेवढा भाग गोल कापून काढतात. लाटांसारखे उथळ, त्यांत सुई आडवी घालून खालून धरून ठेवणारे धागे सोडवतात. डब्यासारखे सरळ कडांचे, त्यांना लेझर किंवा बारीक सुयांचं यंत्र. एकाच गालावर तिन्ही असतात, म्हणून उपचारही मिसळून करावे लागतात, महिन्याच्या अंतराने चार-पाच वेळा. पूर्ण सपाट गाल कोणी कबूल करत असेल तर तिथून उठा. सावळ्या कातडीला लेझरनंतर काळपटपणा येऊ शकतो. आपल्या रंगाच्या किती लोकांवर केलंय, हे डॉक्टरांना थेट विचारा. घरी सुयांचा रोलर फिरवू नका.

दुकानातून "डाग जाण्याचं क्रीम" मागू नका. अशा अनेक मिश्रणांत स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, केस उगवतात, मुरुमं दुप्पट होतात. २०१८ पासून अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती सहज मिळतात.

पायरी ७ : सांध्यावर भाजलं असेल तर

इथे प्रश्न हात-मान हलण्याचा असतो. वण आकसतो आणि सांध्याला ओढत नेतो. दुखू नये म्हणून माणूस ज्या स्थितीत पडून राहतो, त्याच स्थितीत सांधा आखडतो. मान भाजलेल्या माणसाला घरचे मायेने उशी देतात, आणि हनुवटी छातीकडे ओढली जाते. मानेला उशी नको, उलट खांद्याखाली गुंडाळलेला टॉवेल हवा. कोपर सरळ, बोटं उघडी ठेवणारी पट्टी रात्री बांधायची. व्यायाम पहिल्या दिवसापासून, फिजिओथेरपिस्टला विचारून. दाबाचे घट्ट कपडे दिवसाचे २३ तास, महिनोन्‌महिने घालावे लागतात. उन्हाळ्यात ते नको होतात, म्हणून दोन जोड करून घ्या, एक अंगावर, एक वाळत.

भाजल्याच्या अनेक वर्षं जुन्या वणावर न भरणारा फोड आला, कडा जाड झाल्या, रक्त येऊ लागलं तर लगेच दाखवा. अशा जागी क्वचित कॅन्सर होतो. मार्जोलिन या फ्रेंच सर्जनच्या नावाने तो ओळखला जातो.

कुठे जायचं

केईएम, सायन, नायर, कूपर आणि जेजे या सगळ्या ठिकाणी त्वचारोग विभाग आणि प्लास्टिक सर्जरी दोन्ही आहेत. भाजलेल्यांसाठी ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटरही आहे. सपाट डाग, मुरुमं आणि केलॉइडसाठी आधी स्किन ओपीडी. आखडलेला सांधा आणि रुंद वणासाठी प्लास्टिक सर्जरी. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. त्या त्या विभागाचे वार आदल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर कल्याणहून आलेला माणूस तसाच परत जातो. जुने कागद, लावलेल्या सगळ्या मलमांच्या रिकाम्या ट्यूब आणि ते महिन्यामहिन्याचे फोटो सोबत न्या. त्या जागेवर पावडर किंवा मेकअप लावून जाऊ नका, डॉक्टरांना नुसती कातडी दिसू द्या.